दोनची ड्युटी

१

सन दोन हजार एकोणीस. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. थंडी ओसरली होती, ऊन अजून तापायचं होतं. त्या आठवड्यातल्या मंगळवारी पंपमास्तरांच्या घरात लॅपटॉप आला, आणि मास्तरांना तो आवडला नाही.

त्यांना मास्तर म्हणत ते शिकवत म्हणून नाही. चौथीनंतर त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण गावाला पाणी देणाऱ्या पंपघरात त्यांनी छत्तीस वर्षं पंप चालवले आणि पंपाचं काय दुखतंय ते नुसत्या कानाने सांगितलं. एका इंजिनियरने गमतीने 'मास्तर' म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलंच. आता वय शहात्तर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. दोन खोल्यांचं घर, आणि भिंतीपलीकडे एक टेलर, त्याचं मशीन दिवसभर चालू.

जानेवारीत न्हाणीघरात पाय घसरला. पाच तास मास्तर फरशीवर पडून होते. एक हाक मारली असती तर टेलर धावत आला असता. मारली नाही. टेलर वर्तमानपत्र परत द्यायला आला, म्हणून कळलं.

"ओरडला का नाहीत?" लेकीने विचारलं. ती दुसऱ्या शहरात नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला. आठ तासांचा प्रवास करून आली होती.

"उठता येईल असं वाटत होतं."

"पाच तास?"

"सावकाश उठायचं होतं."

लेकीने कपाळाला हात लावला. मग पिशवीतून स्वतःचा जुना लॅपटॉप काढला आणि मधल्या खोलीतल्या टेबलावर ठेवला.

"याला कॅमेरा आहे. मी तिकडून बघत जाईन."

"माझ्यावर डोळा नको."

"बाबा..."

"नको म्हटलं ना. म्हातारा झालो म्हणून काय मला काचेच्या पेटीत ठेवणार?"

 बापाचा हट्ट लेकीतही उतरला होता, त्यामुळे कुठे किती वाकायचं ते तिला ठाऊक होतं.

"बरं. डोळा नको. कान चालेल?"

मास्तरांनी विचार केला. "कान चालेल. कानाशी माझं जन्मभर जमलंय."

तिने झाकण लावून टाकलं. "एरवी झाकण लावलं की हा झोपतो. पण मी याची झोप काढून टाकलीये. झाकण बंद असलं तरी माइक चालू राहणार. काही आवाज झाला तर तेवढाच जपून ठेवणार आणि माझ्या फोनवर पाठवणार. मला हवं तेव्हा तिकडून थेट ऐकता-बोलताही येईल."

"झोपच काढून टाकली?"

"हो."

"बिचारा," मास्तर म्हणाले.

२

आठ-नऊ दिवस बरे गेले. संध्याकाळी लेकीचा फोन यायचा आणि दिवसभराचा हिशेब मिळायचा.

"आज अकरा वेळा शिंकलात."

"धूळ होती."

"साडेदहाला पातेलं पाडलंत. आणि पातेल्याला शिवी दिलीत."

"त्याची लायकीच ती होती."

मास्तर वरवर कुरकुरत. आतून त्यांना बरं वाटत होतं. बायको गेल्यापासून आपण शिंकतो हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दहाव्या दिवशी लेकीने विचारलं, "दुपारी तुमच्याकडे कोण येतं?"

"कोणी नाही."

"एक गृहस्थ बोलतात ना. दोनला आले होते, तीनला होते, चारलाही होते. कालही होते."

"टेलर असेल भिंतीपलीकडे. गिऱ्हाइकांशी सारखं त्याच्या तोंडाचं मशीन चालू असतं."

"टेलरकाकांचा आवाज मी ओळखते. हे नाही ते. बाबा, तुम्ही झोपेत बोलता का हो?"

"मी जागेपणी बोलत नाही, झोपेत काय बोलणार!"

ती हसली नाही. मास्तरांना तिच्या गप्प राहण्याचा अर्थ कळला. म्हातारपणी माणसं भिंतीशी बोलू लागतात, मग लेकी त्यांना घेऊन जातात, आणि घराला कुलूप लागतं.

"काय बोलतो तो?" त्यांनी विचारलं.

"आकडे. एक ठीक, दोन ठीक, तीन कोमट. एवढंच. तासाच्या ठोक्याला."

 फोन त्यांनी कानाला तसाच धरून ठेवला. लेकीने दोनदा 'हॅलो' म्हटलं तेव्हा "ऐकतोय" म्हणाले, आणि मग भाजी करायची आहे असं सांगून त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी भाजी सकाळीच करून झाली होती.

३

दुसऱ्या दिवशी लेकीने तो आवाज फोनवर पाठवला. दाबायचं कुठे ते टेलरने दाखवलं आणि तो आपल्या कामाला गेला. मास्तर पलंगावर बसले. फोन कानाला लावला.

आधी खोली ऐकू आली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, पण रजईत गुंडाळल्यासारखी. पलीकडचं शिवणयंत्र, तेही लांब, दबलेलं. बरोबरच होतं. माइक झाकणाखाली, त्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखंच ते. जे ऐकू येणार ते असंच येणार.

मग तो माणूस बोलला.

"एक ठीक."

आवाज दबलेला नव्हता. लख्ख होता. शब्दामागून घुमारा येत होता, उंच छताच्या रिकाम्या दालनात येतो तसा. मास्तरांच्या मधल्या खोलीचं छत हाताला लागेल इतकं खाली.

"दोन ठीक."

पावलं. सिमेंटवर बुटांची. एक पाय किंचित ओढत.

"तीन कोमट."

आणि त्याच्याही मागे, अगदी तळाला, एक घरघर होती. लेकीला ती पंख्याची वाटली असावी. मास्तरांना तिच्यात तीन सूर वेगळे ऐकू आले. तिसऱ्यात बारीकशी खरखर होती. वंगण संपत आलेल्या बेअरिंगची.

त्यांनी फोन गादीवर पालथा ठेवला. पाणी प्यायले. मग स्वतःशी बोलत बसले. कोणी तरी जुनं काही रेडिओवर लावत असेल. मीच झोपेत बोलत असेन. छत्तीस वर्षं जे तोंडात घोळलं ते झोपेत निघणारच. यंत्रातच बिघाड असेल. ज्याची झोप काढून घेतली त्याचं डोकं ठिकाणावर कसं राहील.

कारणं तिन्ही चांगली होती. पण कान जन्मभर खोटं बोलला नव्हता, आणि पाय ओढत चालणारा तो माणूस त्यांना माहीत होता. त्याला सगळे शिडी म्हणत. उंच होता म्हणून.

शिडीला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

४

पंपघर नदीकाठी होतं. वरून पाहिलं तर साधी दगडी इमारत. आत शिरलं की लोखंडी जिना खाली उतरायचा, चौदा पायऱ्या, आणि तळाशी लाल फरशीचं दालन. तीन पंप, तीन मोटारी, भिंतीवर पिवळे दिवे. उन्हाळ्यात सगळं गाव उकडून निघायचं तेव्हा खाली गार असायचं. हिवाळ्यात मोटारींपाशी ऊब असायची. तेल, ओलं सिमेंट आणि तापलेला रंग यांचा एक वास होता. मास्तर घरी आले की बायको म्हणायची, "आला तुमचा पंप." कितीही साबण लावा, तो वास जात नसे. गेला तो निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, आणि गेला त्या दिवशी मास्तरांना चुकल्यासारखं झालं होतं.

एका ड्युटीला एकच माणूस. दर तासाला त्याने फेरी मारायची, प्रत्येक बेअरिंगवर तळहात ठेवायचा आणि हालत मोठ्याने सांगायची. ऐकायला कोणी नसलं तरी. बोलणारा माणूस पेंगत नाही, असं जुन्या साहेबांचं म्हणणं होतं. शिडी तर पंपांशी गप्पाच मारायचा. पहिल्या पंपाला तो सासरा म्हणायचा, कारण सगळ्यात जास्त आवाज त्याचा आणि सगळ्यात कमी पाणीही त्याचंच.

ड्युटी बदलायचीही रीत होती. जाणाऱ्याने तिन्ही पंपांची हालत सांगायची. येणाऱ्याने बेअरिंगवर हात ठेवून 'घेतलं' म्हणायचं. तो शब्द कानावर पडल्याशिवाय जाणाऱ्याने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. मागे कधी तरी एक जण 'येतोच आहे तो' म्हणून निघून गेला होता, आणि पंप कोरडा चालून जाम झाला होता. गाव दोन दिवस पाण्याविना होतं. तेव्हापासून हा नियम. कागदावर कुठेच नव्हता, पण त्याला कोणी हात लावत नसे.

मास्तर आणि शिडी एका वयाचे, एकाच महिन्यात लागलेले. मास्तर चार शब्द बोलत तेव्हा शिडीचे चारशे बोलून होत. दोघांत एकच छत्री होती. ती कोणाची यावर बारा वर्षं भांडण चाललं, आणि ते मिटावं असं दोघांपैकी कोणालाच वाटत नव्हतं.

५

मास्तरांनी खात्री करून घ्यायचं ठरवलं. गुरुवारी पावणेदोनला ते टेलरला घेऊन बाहेर पडले आणि चौकातल्या बागेत बाकावर जाऊन बसले. घराला कुलूप. किल्ली खिशात.

"मास्तर, मला तीन पँटी द्यायच्यात संध्याकाळी," टेलर म्हणाला.

"बस."

"पण कशासाठी बसायचं?"

"मी इथे होतो हे उद्या सांगायला."

"कोणाचा खून-बिन करवताय की काय घरात?"

"बस म्हटलं ना."

साडेचारपर्यंत बसले. संध्याकाळी फोन आला. दोनला, तीनला, चारला, तिन्ही वेळा तो बोलला होता. चारला 'तीन गरम' म्हणाला होता. आणि शेवटी आणखी एक वाक्य होतं, लेक म्हणाली. "आलं का कोणी?"

शुक्रवारी मास्तर घरीच थांबले. तीनला दोन मिनिटं असताना टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. समोर लॅपटॉप, झाकण लावलेलं, काळं. त्यावर त्यांचा स्वतःचाच चेहरा अंधूक दिसत होता. घड्याळात तीन वाजले. खोलीत काही ऐकू आलं नाही. घड्याळ, पलीकडचं मशीन, रस्त्यावर एक सायकल.

त्यांनी झाकणाच्या कडेला बोट लावलं आणि बोटभर उचललं.

फटीतून ऊब आली. मग वास आला. तेलाचा, ओल्या सिमेंटचा. मास्तरांचा हात थांबला. लॅपटॉप उघडला की पडद्याचा उजेड पांढरा पडतो, हे त्यांनी लेकीकडे पाहिलं होतं. हा उजेड पिवळा होता. त्यांनी मान वाकवून आत पाहिलं. लाल फरशी होती, चकचकीत, नुकतीच पुसल्यासारखी. आणि फरशीवर दोन बूट. एकाची नाडी सुटलेली. बुटांची टोकं मास्तरांकडे वळलेली.

जो कोणी त्या बुटांत उभा होता, तो जिन्याकडे तोंड करून वाट पाहत होता.

मास्तरांनी झाकण एकदम पूर्ण उघडलं. पडद्यावर लेकीचा समुद्रकाठचा फोटो होता, आणि खाली पासवर्ड मागणारी पांढरी चौकट.

६

शनिवारी लेकीला सुट्टी होती. मास्तर जेवून खुर्चीत बसले होते. दोनचा ठोका पडून गेला, आणि बंद झाकणातून लेकीचाच आवाज आला.

"कोण आहे तिथे?"

मास्तर दचकले. "मी आहे. आणखी कोण असणार!"

"तुम्ही नाही, बाबा. जरा गप्प बसा. ते बोलतायत."

मास्तरांना काही ऐकू येत नव्हतं. ते बंद झाकणाकडे पाहत राहिले. लेक बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. बोलताना आदराने बोलत होती, घरी कोणी वडीलधारं आल्यासारखी.

"मी त्यांची मुलगी... हो, तेच. पंपमास्तर... हो."

मग बराच वेळ काही नाही. मग ती हसली. मग म्हणाली, "थांबा हं काका, मला फोन येतोय, कचेरीतून आहे," आणि आवाज तुटला.

दहा मिनिटांनी तिने मास्तरांना फोन केला.

"लाइन मिसळली असेल कुठे तरी," ती म्हणाली. "असं होतं. कोणी तरी म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्याही मुलांनी असंच काही लावून ठेवलं असेल. एकटे असावेत. पण तुम्हाला ओळखतात ते, बाबा!"

"काय म्हणाला?"

"कोणाची तू, म्हणाले. मी सांगितलं. तर इतके खूश झाले! म्हणाले, 'म्हणजे झालीस का! बरं झालं बाई. मी मुलगीच म्हणत होतो.' असं का म्हणाले असतील?"

"पुढे सांग," मास्तर म्हणाले.

"आई कशी आहे विचारलं. मी म्हटलं, ती गेली.  मग म्हणाले, 'बाप कुठे राहिला? चारला येतो म्हणाला होता.' फार दमलेला आवाज आहे हो त्यांचा. आणि मग म्हणाले, 'तू घेतेस का?'"

"तू काय म्हणालीस?"

"मला काय कळणार? मी विचारणार होते काय घ्यायचंय, तेवढ्यात फोन वाजला."

"काही म्हणाली नाहीस?"

"नाही. उद्या दोनला बोलते म्हटलं. काय हवंय ते विचारते. हो म्हणायला आपलं काय जातं? बिचाऱ्यांना बरं वाटेल."

"त्याला उत्तर द्यायचं नाही."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांनी भिंतीतला प्लग उपटला, लॅपटॉप चादरीत गुंडाळला आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

७

रविवारी सकाळी नऊला लेकीचा फोन आला.

"तुम्ही लॅपटॉप बंद केलात."

"केला."

"पण काका आले होते. आज आठ वाजताच, दोनची वाटही न बघता. माझ्या लॅपटॉपवर, इथे माझ्या घरी. टेबलावर पडलेला, झाकण लावलेला. मी स्वयंपाकघरात होते." आवाज हलका करून ती म्हणाली, "आज कानांनीच ऐकू आलं, बाबा. फोनमधून नाही. लाइन-बिन मिसळलेली नाही ही. कोण आहे हा माणूस?"

मास्तर पलंगावर बसले. चाळीस वर्षं जे बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं, ते त्यांनी सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"तू झालीस त्या दिवशी माझी दोनची ड्युटी होती. सकाळची शिडीची. तुझ्या आईला सकाळीच दवाखान्यात नेलं. मी निरोप धाडला, चारला येतो. त्याने उलट निरोप धाडला, सावकाश ये, पोराचं तोंड बघून ये. साडेतीनला तू झालीस. दोघी ठीक होतात. मी दवाखान्याच्या बाकावर जरा टेकलो आणि झोपलो. जाग आली तेव्हा साडेसात वाजले होते."

"मग?"

"मग गेलो नाही. म्हटलं, दहाला तिसरा माणूस येईलच. अडीच तासांसाठी आता कुठे जायचं. उद्या त्याच्या दोन ड्युट्या काढून देईन. दहाला तिसरा खाली उतरला तेव्हा शिडी स्टुलावर बसलेला होता. हात तिसऱ्या बेअरिंगवर. डॉक्टर म्हणाले, हृदय. सकाळी सहापासून तो खाली होता."

पलीकडे लेकीने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"दुसऱ्या दिवशी साहेबांनी नोंदवही पुढे ठेवली. दोन वाजताची घेणाऱ्याची जागा कोरी होती. म्हणाले, सही कर, नाही तर घरी बस. घरात एक दिवसाची तू. मी सही केली. ड्युटीवर माणूस गेला तर पंपघराचा भोंगा पूर्ण एक मिनिट वाजवायचे. शिडीसाठी वाजला नाही. कागदावर तो दोनलाच घरी गेला होता."

"बाबा..."

"त्याच्याकडून ड्युटी कोणी घेतलीच नाही. त्याला उचलून वर नेलं, पण शब्द कोणी दिला नाही. तो नियम मोडणारा नव्हता."



"मग मी म्हणते," लेक म्हणाली. "माझ्यामुळेच झालं ना ते."

"तुझ्यामुळे नाही. माझ्या झोपेमुळे."

"एक शब्द तर म्हणायचाय."

"शब्द नाही तो. ज्याने घेतलं तो खाली राहतो. दुसरा येऊन घेईपर्यंत. पंपघर पाडून सतरा वर्षं झाली. आता दुसरा कोणी येणार नाही."

हे तिच्या ध्यानात यायला क्षण लागला.

"म्हणजे तुम्ही घेतलंत तर तुमच्याकडून कोण घेणार?"

"ते माझं मी बघेन."

"बाबा, कोण घेणार?"

"दोन वाजता तू घराबाहेर जा. बाजारात जा. कुठेही जा. पण कोणत्याही लॅपटॉपजवळ थांबू नकोस."

"मी अजिबात जाणार नाही," ती म्हणाली. आवाजात रडू होतं आणि हट्टही होता. "तुम्ही पाच तास फरशीवर पडून राहिलात तरी हाक मारली नाहीत. आता मी तुमचं ऐकणार नाही. दोनला मी त्यांना सांगते, मी घे—"

"तोंड बंद!" मास्तर ओरडले. पंपघरात तीन मोटारी चालू असताना वरच्या माणसाला ऐकू जाईल असा तो आवाज होता. भिंतीपलीकडचं मशीन थांबलं.

लेकीने फोन ठेवला.

८

मास्तरांनी दाढी केली. स्वच्छ शर्ट घातला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. घड्याळ काढून ठेवलं, कारण मशीनजवळ हातात काही घालायचं नसतं. दीड वाजता दारात टेलर येऊन उभा राहिला.

"सकाळी कोणावर ओरडलात?"

"लेकीवर."

"आज कुठे निघालात? इतके नटलात ते?"

"कामावर."

"या वयात?" टेलर हसला. मग त्यांचा चेहरा बघून हसायचं थांबला. "संध्याकाळी चहाला येऊ ना?"

"ये," मास्तर म्हणाले. "हाक मार. दार नाही उघडलं तर लेकीला फोन कर. आत तू काही बोलू नकोस. विचारलं तरी."

"कोण विचारणार आत?"

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वीस वर्षांच्या शेजारात असं कधी झालं नव्हतं. टेलर गोंधळून निघून गेला.

कपाट उघडलं. लॅपटॉप टेबलावर ठेवला, प्लग लावला. झाकण बंदच ठेवलं. खुर्ची बाजूला सारली आणि उभे राहिले. ड्युटी उभ्यानेच घ्यायची असते.

दोनला एक मिनिट असताना झाकण तापायला लागलं. मास्तर वाकले, झाकणावर कान टेकवला. आधी काही नव्हतं. मग खालून, फार खालून, घरघर वर आली. पहिल्याचा उगाच मोठा आवाज. दुसऱ्याचा सरळ सूर. तिसऱ्याची खरखर. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षं मागे, छत्तीस वर्षांचे, केस ओले, डबा हातात, जिना उतरताना हेच कानावर यायचं. भीती होती, आणि घरी आल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही एकदमच होतं.

दोन वाजले.

"एक ठीक." पाऊल ओढलं गेलं. "दोन ठीक." आणखी जवळ. "तीन गरम आहे. वंगण घातलंय मी, पण लक्ष ठेवायला हवं." आता आवाज थेट झाकणाखाली होता, गालाला लागावा इतका. "आलं का कोणी?"

 शब्द मास्तरांच्या जिभेवर होता, पण हलत नव्हता. खाली चौदा पायऱ्या, आणि वर यायला कोणी नाही.

तेवढ्यात त्याच झाकणातून लेकीचा आवाज आला, लांबून, धापा टाकत.

"काका, ऐकताय ना? मी आलेय. मी..."

मास्तरांनी तळहात झाकणावर दाबला. कातडी चरचरली.

"घेतलं!" ते म्हणाले.

सगळं क्षणभर थांबल्यासारखं झालं. मग खाली कोणीतरी श्वास सोडला, दिवसभर छातीत धरून ठेवलेला.

"आलास होय," शिडी म्हणाला. "मुलगी गोड आहे रे."

बुटांचा आवाज दूर गेला. लोखंडी जिना वाजायला लागला. एक पाय ओढत, सावकाश, एक एक पायरी. मास्तरांनी चौदा मोजल्या. वर दार उघडलं, आणि लागलं. मास्तरांच्या तळहाताखाली आता झाकण नव्हतं, तिसरं बेअरिंग होतं.

दोन वाजून चार मिनिटांनी शिडी घरी गेला.